संकटाच्या दिवसांत विश्वास

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात दुबलगुंडी येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्यास आपण आम्हांस बोलाविलेत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. अशा वेळी वक्त्याने संस्थेचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि तरुणांना थोडा उपदेश करून खाली बसावे, असा प्रघात आहे. इतिहास कार्यवाहांनी आपल्या अहवालात सांगितलाच आहे. उपदेश करण्याइतके आमचे आचरण उजळ नाही. तेव्हा ज्या प्रश्नाने आमचे स्वतःचे घर काही वर्षे ढवळून निघाले, त्याच प्रश्नाविषयी आज बोलावे असे आम्ही ठरविले आहे. प्रश्न साधा आहे. देवावर भरवसा ठेवणाऱ्या घरावरही संकटे येतातच. मग भरवसा ठेवायचा म्हणजे माणसाने नेमके करायचे तरी काय?

आपल्या या बीदर-कलबुर्गीच्या मुलुखात हा प्रश्न कुणालाच परका नाही. आपली जमीन काळी, पण शेती बहुतांशी पावसाच्या हवाली. मृगाच्या पावसावर तूर पेरावी आणि ती खळ्यावर येईपर्यंत जीव टांगणीला लावून बसावे. शेंगा भरायच्या सुमारास चार दिवस आभाळ झाकोळले की अळी पडलीच म्हणून समजा. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी डोळ्यांनी पाहिला अशी माणसे आज या मांडवात बसलेली आहेत. राज्यही आपल्याला कधी कायमचे वाटले नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला. ते राज्य पुढे कर्नाटक झाले. घरात मराठी, शाळेत कानडी आणि बाजारात दखनी, अशा तीन भाषांतून आपली मुले वाढतात. मोठी झाली म्हणजे कामासाठी पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादेला जातात आणि मागे आई संध्याकाळच्या फोनची वाट पाहत राहते. उद्याचा भरवसा नाही, ही गोष्ट आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवावी लागत नाही.

अशा अनिश्चित आयुष्यात माणूस देवाचे पाय धरतो, हे योग्यच आहे. परंतु ते धरताना आपण नकळत एक चूक करतो. आपण ख्रिस्ती माणसे तोंडाने म्हणतो की देवाशी सौदा करता येत नाही. मनातल्या मनात मात्र आपली वही उघडीच असते. आम्ही रविवार चुकविला नाही, दशमांश दिला, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना ठेवली. मग आमच्याच मुलीची सोयरीक का मोडली? आमच्याच मुलाला दारूचे व्यसन का लागले? शेजारच्या घरात कुणी देवाचे नाव घेत नाही, त्यांची तूर मात्र कशी भरघोस आली? जमेची बाजू आपण भरलेली असते, आणि देवाने आपली बाजू चुकविली असे आपल्याला वाटते. हा विश्वास नव्हे, ही वसुली आहे. आम्ही हे दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही. आमच्या वहीत आम्ही काय लिहिले होते, तेच आता सांगतो.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभर टाळेबंदी झाली. आमचा धाकटा भाऊ पुण्यास एका कारखान्यात कामाला होता. काम बंद झाल्यावर तो बायको-मुलांसह गावी परतला. वर्षभर तो आमच्याबरोबर शेतात राबला. इतक्या वर्षांनी दोघे भाऊ एका बांधावर बसून भाकरी खात होतो. त्या वर्षी घरात पैसा नव्हता, पण समाधान होते. आम्ही रोज रात्री देवाचे आभार मानीत असू की त्याने आमचे सारे कुटुंब एका छपराखाली सुखरूप ठेवले.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि भावाला ताप भरला. पहिल्या ठिकाणी खाट मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणी रात्री उशिरा मिळाली. नऊ दिवस तो तेथे होता. आत कुणाला जाऊ देत नव्हते. आम्ही बाहेर झाडाखाली बसून राहिलो. गावात मंडळीने प्रार्थनेची साखळी धरली होती. एका घराने तास संपविला की दुसरे घर सुरू करी. आम्हांस खात्री होती की इतक्या लोकांची प्रार्थना वाया जाणार नाही. दहाव्या दिवशी पहाटे तो गेला. त्याच्या पेटीला आम्हांस हात लावता आला नाही. अंगभर पांढरे झगे घातलेल्या अनोळखी माणसांनी त्याला पुरले आणि आम्ही दूर उभे राहून पाहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरातले वडील या नात्याने भावजयीची समजूत घालायला गेलो. आम्ही म्हणालो, “ही देवाची इच्छा होती. देव करतो ते बऱ्यासाठीच करतो.” तिने मान वर केली आणि शांतपणे विचारले, “अण्णा, उद्या तुमच्या लेकरांवर अशी वेळ आली, तर त्यांनाही तुम्ही हेच सांगाल का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही उठून बाहेर आलो. त्या दिवसापासून तिने उपासनेला येणे सोडले, आणि खरे सांगायचे तर आमचीही प्रार्थना ओठांवरच राहू लागली.

बंधुभगिनींनो, त्या दिवसांत आम्ही ईयोबाचे पुस्तक पुन्हा उघडले. ईयोबाचे तीन मित्र त्याच्या समाचाराला आले, ही गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण एक बारकी गोष्ट आमच्या पूर्वी कधी ध्यानात आली नव्हती. हे मित्र आल्यावर सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. त्यांची चूक त्यांनी तोंड उघडल्यावर झाली. देवाच्या वतीने ते खुलासे देऊ लागले आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. तक्रार करणाऱ्या ईयोबाला मात्र त्याने आपला सेवक म्हटले. स्तोत्रांच्या पुस्तकातही तेच आढळते. किती काळ, का म्हणून, तू कोठे आहेस, असे विचारणारी स्तोत्रे एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत. तेव्हा भावजयीने आम्हांस जो प्रश्न विचारला तो अविश्वासाचा होता असे आता आम्हांस वाटत नाही. आमचे उत्तरच उथळ होते.

येथे आम्हांस एका थोर बाईची आठवण होते. आपल्यापैकी पुष्कळांनी तिचे नाव ऐकले आहे, पण तिचा आपल्या मुलुखाशी किती जवळचा संबंध आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. आम्ही पंडिता रमाबाईंविषयी बोलत आहोत.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. रमाबाई लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. गावोगावी पुराण सांगावे आणि मिळेल त्यावर राहावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे दुष्काळ आला. जवळचे सारे संपले. पाने आणि रानटी फळे खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. १८७४ साली वडील गेले. मरण्यापूर्वी त्यांनी या धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितले की आपण तिला देवाच्या हाती सोपविली आहे, आणि तिने जन्मभर त्याचेच होऊन राहावे. तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या.

वडिलांच्या मागे आई, थोरली बहीण, भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई भटकत भटकत रायचूरला आली. रायचूर म्हणजे तेव्हाचा निजामाचाच मुलूख, आपल्या गुलबर्ग्याच्या पलीकडचा. तेथे आई भुकेने अंथरुणाला खिळली. तिला भाकरीचा तुकडा हवा होता. सोळा वर्षांची ही मुलगी शेजारच्या दारात गेली. पण चांगल्या घरची मुलगी, भीक मागायला तिची जीभ उचलेना. अखेर त्या घरची बाजरीची भाकरी हातात आली, तोवर आईला ती खाण्याचे त्राण राहिले नव्हते. आई गेली.

पुढची गोष्ट ऐका. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. या परक्या, निराधार भावंडांसाठी कोण येणार? शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे आणि भाऊ मिळून तीन झाले. चौथा खांदेकरी नव्हता. तेव्हा रमाबाई स्वतः चौथ्या झाल्या. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. रमाबाईंची उंची कमी. खांद्यावर घेतले तर तिरडी कलती होई, म्हणून आपल्या वाट्याचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. हे सारे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे.

त्यानंतर बहीणही पटकीने गेली. भाऊ-बहीण दोघेच उरले आणि पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आता सुखाचे दिवस आले म्हणावे, तो १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचे लग्न झाले. १८८१ साली मनोरमा जन्मली. मुलीला वर्षही पुरे झाले नव्हते, तो फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही पटकीने गेला. आठ वर्षांत पाच मरणे, आणि हातात एक तान्हे मूल.

आपण एखाद्या कथेत असे वाचले तर लेखकाने अति केले म्हणू. पण हे घडले. आणि लक्षात घ्या, या बाईने ख्रिस्तावर विश्वास ठेवला तो सारी संकटे होऊन गेल्यावर, विचारपूर्वक. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तरीही तेवढ्याने सारे उलगडले असे त्यांनी कधी म्हटले नाही. उलट, आपल्याला ख्रिस्ती धर्म तेव्हा सापडला, पण स्वतः ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षे जावी लागली, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. एवढ्या मोठ्या विदुषीला वेळ लागला. मग आपल्या घरातील एखाद्या दुखावलेल्या माणसाने दोन रविवारांतच पूर्ववत व्हावे असा हट्ट आपण का धरावा?

बाप्तिस्म्यानंतर संकटे थांबली असेही नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात मोठा गदारोळ झाला आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तोवर अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे मदतीची हमी घेतली होती, तिची मुदतही १८९८ साली संपायची होती. अशा स्थितीत १८९६-९७ चा दुष्काळ आला. लहानपणी पाने खाऊन जगलेल्या या बाईला घरी बसवेना. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि दुष्काळात सापडलेल्या सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या उघड्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या साऱ्यांच्या पोटाचे काय? रमाबाई प्रार्थना करीत, हे खरे. उद्याचे दाणे कोठून येतील हे ठाऊक नसताना त्यांनी दार लावून घेतले नाही, हेही खरे. पण तेवढेच सांगितले तर अर्धी गोष्ट होईल. त्यांनी केडगावी विहिरी खोदविल्या, जमीन लागवडीस आणली, फळझाडे लावली, माग बसविले, छापखाना घातला. प्रार्थना करायची आणि कुदळही हातात घ्यायची. देवावर भरवसा म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही. आपणही आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी आणि त्याला वेळेवर डॉक्टराकडेही न्यावे. एक केले म्हणजे दुसऱ्यावर अविश्वास होत नाही.

आता आपल्या मुलुखाचा संबंध. केडगाव, गुलबर्गा आणि रायचूर ही तिन्ही ठिकाणे पुण्याहून दक्षिणेस जाणाऱ्या एकाच लोहमार्गावर आहेत. ज्या निजामी मुलुखात रमाबाईंच्या आईला भाकरी वेळेवर मिळाली नाही, त्याच मुलुखात, गुलबर्ग्यास, १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ती शाळा सुरू केली. तेव्हा हा भाग शिक्षणात फार मागासलेला होता. त्या शाळेची धुरा मनोरमाबाईंनी उचलली. ज्या मुलुखाने आपल्याला अतिशय दुःख दिले, त्याच मुलुखाला काही देण्याची बुद्धी व्हावी, याहून विश्वासाची मोठी खूण आम्हांस ठाऊक नाही.

आणि शेवट? शेवट गोड झाला असे आम्ही सांगणार नाही. मनोरमाबाई म्हणजे आईचा उजवा हात. आपल्यामागे तीच सारे सांभाळील, असे रमाबाईंनी धरले होते. १९२१ साली चाळिसाव्या वर्षी मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंना तेव्हा ऐकूही येत नव्हते आणि प्रकृती ढासळली होती. हाती बायबलाच्या सोप्या मराठी भाषांतराचे मोठे काम होते. अनेक वर्षे त्या मूळ भाषा शिकून ते करीत होत्या. मुलगी गेल्यावरही त्यांनी ते सोडले नाही. काम शेवटास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशन आजही केडगावी उभे आहे.

देवाने रमाबाईंना मुलगी परत दिली नाही. त्यांनी दिवसाचे काम सोडले नाही. विश्वासाचा अर्थ विचाराल तर आम्ही या दोन वाक्यांकडे बोट दाखवू.

कौटुंबिक संकट म्हणजे केवळ मरण नव्हे. कधी घरातील माणसांची मनेच दोन वाटांना जातात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. सुमारे पाच वर्षे नवरा-बायको वेगळी राहिली. लहान मुलगा आईजवळ. टिळकांनी पत्रे लिहिली, वाट पाहिली, बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी, आणि आल्यावरही लगेच धर्म बदलला नाही. आधी पाहिले, पारखले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे याच बाईंनी पुरे केले. आपल्या घरात मुलगा उपासनेला येत नाही, सून वेगळ्या घरची आली, जावयाचे मन दुसरीकडे आहे, म्हणून आदळआपट करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही पाच वर्षे मोजून पाहावीत. देवावर भरवसा ठेवणाऱ्याला घरातल्या माणसालाही वेळ देता आला पाहिजे.

आता आम्ही मार्काच्या शुभवर्तमानातील एका गोष्टीकडे वळतो आणि आमचे भाषण आवरते घेतो. कफर्णहूमात येशू एका घरी होता. दाराशी मुंगी शिरायला जागा नव्हती. एका पक्षघाती मनुष्याला चौघांनी बाजेवर घालून आणले. दारातून जाता येईना, तेव्हा ते घरावर चढले, छप्पर उकरले आणि बाज खाली सोडली. ही गोष्ट विलायतेतील कौलारू घरे पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. आपल्याला वाटणार नाही. आपल्या जुन्या घरांची माळवदे तशीच मातीची आणि सपाट. जिन्याने वर जावे, माती उकरावी, खालच्या लाकडी फळ्या बाजूला साराव्यात, की घर उघडे पडलेच. घरधनी खालून काय ओरडला असेल, हेही आपण सांगू शकतो!

या गोष्टीत आजारी मनुष्य अवाक्षर बोलत नाही. त्याने विश्वास धरला होता की नव्हता, हे मार्क सांगत नाही. कदाचित तो थकून गेला असेल. कदाचित त्याने आशाच सोडली असेल. येशूने पाहिला तो बाज घेऊन आलेल्यांचा विश्वास, असे मार्काने लिहिले आहे. बंधुभगिनींनो, हे वाचून आम्ही थांबलो. म्हणजे ज्याच्या मनात आज विश्वास धरण्याचे बळ नाही, त्याच्या वाट्याचा विश्वास दुसऱ्यांनी उचलून नेला तरी देवाला चालतो.

आमच्या घरात तसेच घडले. आमचा उपदेश वाया गेल्यावर मंडळीतील एक म्हातारी बाई रोज दुपारी भावजयीकडे येऊन बसू लागली. तिच्याबरोबर कधी एक, कधी दोन बाया असत. सुपात ज्वारी घ्यावी आणि निवडीत बसावे. प्रार्थना मोठ्याने म्हणावी नाही, वचन सांगावे नाही. उठताना ती एवढेच म्हणे, “बाई, तुला होत नसेल तर राहू दे. तुझ्या वाटची प्रार्थना आम्ही करतो.” त्या वर्षी पेरणीला एका मुसलमान शेजाऱ्याने आपला ट्रॅक्टर आणून भावाचे रान पेरून दिले आणि डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. दोन्ही मुलांच्या शाळेची फी आपल्या या ट्रस्टने भरली. हे आज येथे सांगावे की नाही असा आम्हांस संकोच होता. पण भावजयीनेच सांगितले, “अण्णा, अवश्य सांगा.”

सुमारे दीड वर्षाने एका रविवारी ती उपासनेला आली आणि शेवटच्या रांगेत बसली. परत येताना वाटेत आम्हांस म्हणाली, “अण्णा, उत्तर मिळाले म्हणून आले असे समजू नका. ते अजून मिळाले नाही. या बाया इतके दिवस येत राहिल्या, म्हणून आले.” त्यावर काही न बोलण्याइतके शहाणपण तोवर आम्हांस आले होते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर असे आहे. भरवसा म्हणजे संकट टळेल अशी हमी नव्हे. भरवसा म्हणजे संकटातही देव आपल्याला सोडणार नाही असे धरून आजचे काम करीत राहणे. ज्या दिवशी तेवढेही जमणार नाही, त्या दिवशी आपली बाज दुसऱ्यांना उचलू द्यावी. त्यात कमीपणा मानू नये. आणि दुसऱ्याच्या बाजेला खांदेकरी कमी पडत असेल, तर आपली उंची पाहत बसू नये. सोळा वर्षांच्या रमाबाईंनी ती पाहिली नाही.

आपल्या भाषेत ट्रस्टच्या सभासदाला विश्वस्त म्हणतात. या शब्दात विश्वास आहे, हे आपण हिशेबाच्या गडबडीत विसरतो. पन्नास वर्षे या संस्थेने औषधपाणी, फी, वह्या-पुस्तके, अंत्यविधीचा खर्च अशा लहान लहान गोष्टी केल्या. वर्गणी गोळा करताना दारोदार हिंडणाऱ्या विश्वस्तांना लोकांची बोलणीही ऐकावी लागली. अहवालात ही कामे रुपये-पैशांत लिहिली जातात, आणि ती तशीच चोख लिहिली जावीत. पण ज्या घरात ती मदत पोहोचली, त्या घराला विचारा. तेथे ती माळवदावर चढणाऱ्या माणसांच्या पावलांसारखी ऐकू आली असेल.

एक विनंती करून आम्ही थांबतो. आज रात्री घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने एका घराचे नाव मनात आणावे. ज्या घरी आजारपण आहे, कर्ज आहे, भांडण आहे, किंवा जेथील कुणी देवावर रुसले आहे, असे एक घर. तेथे उद्या जाऊन बसावे. खुलासे देऊ नयेत. ज्वारी निवडायची असेल तर निवडू लागावे. पुढच्या पन्नास वर्षांसाठी या ट्रस्टला याहून चांगला ठराव आम्हांस सुचत नाही.

परमेश्वर या संस्थेला, तिच्या विश्वस्तांना आणि आपणा सर्वांच्या घरांना आपल्या हाती सुरक्षित ठेवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.